एक पूर्ण चक्कर

४ जानेवारी, रविवार

चुकला! आजही चुकला! आणि दोष कोणाला, तर वाऱ्याला.

वारा म्हणे डावीकडून आला. अरे, मी तुझ्याच मागे खुर्चीत बसले होते. माझ्या डोक्यावरचा एक केस हलला नाही, आणि तुझ्या छर्र्यालाच बरा वारा भेटला! चिरंजीव बंदुकीच्या दस्त्याला गाल लावून जमिनीवर पालथे पडून राहिले. पन्नाशी उलटलेला माणूस, त्यात हे एवढं पोट. पालथा पडला की डोकं आणि पाय दोन्ही अधांतरी. होडीसारखा.

सून लिहायची थांबली. विचारतेय, "होडीसारखा, असंच लिहू?"

असंच लिही. जसंच्या तसं. मेंदूवाल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना! मध्यंतरी माझ्या डोक्यातली एक शीर रुसली, दोन दिवस जीभ जागेवर नव्हती, तेव्हापासून हे औषध लागलंय. दिवसभरात काय घडलं ते संध्याकाळी आठवायचं आणि कोणाकडून तरी लिहून घ्यायचं. "आजी, खरं तेच सांगायचं हं. रचून सांगितलंत तर मेंदूला व्यायाम होणार नाही." मला अक्षराची ओळख नाही. म्हणून भांडी घासून झाली की सूनबाई ओले हात पुसते आणि वही घेऊन बसते. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. असेल. मला तर मुंग्याच दिसतात.

५ जानेवारी

बंदूक हवेची आहे, हे काल सांगायचं राहिलं. दारू नाही, धूर नाही. हातपंपाने टाकीत हवा भरायची. चिरंजीव पंप मारतात तेव्हा टाकी आधी फुटेल की ते, हे सांगता येत नाही. मग घोडा ओढला की तुरीच्या दाण्याएवढा शिशाचा छर्रा सुटतो. जवळून मारला तर पोरखेळ. पण ह्यांना शंभर मीटरवर मारायचाय! तिथे जाईपर्यंत छर्रा दमतो, खाली येतो, वाटेत वारा भेटला तर त्याच्याशी गप्पा मारत बाजूला जातो.

जागा घरचीच. सिमेंटचे पाईप बनवायचा आमचा कारखाना, मागे लांबलचक आवार, शेवटी मातीचा ढिगारा. ढिगाऱ्यासमोर लाकडी चौकट, चौकटीवर कागद, कागदावर वर्तुळं. शेजारी एक मोठा थोरला पाईप आडवा पडलाय, सांडपाण्याचा, गिऱ्हाईकाने नापास केलेला. सून त्यात बसते. साहेबांचे पाच छर्रे झाले की हिने बाहेर यायचं, फोनवरून कुठे लागले ते सांगायचं, कागद बदलायचा, परत आत शिरायचं. चहाची सुट्टी सोडली तर दिवसभर हेच. बिळातली उंदरीण.

'उंदरीण' लिहिताना पेन जरा जोरात दाबलं हिने. मला वाचता येत नाही, ऐकू चांगलं येतं.

८ जानेवारी

आज चिरंजीवांनी पाईपलाच छर्रा मारला. मुद्दाम!

झालं काय, कागद बदलून ही आत शिरायला वेळ लावत होती. गुडघे धरतात म्हणे. ह्या वयात! तर ती पुरती आत गेली न गेली तोच ह्याने पाईपवर एक सोडून दिला. ठण्ण! मधल्या सुट्टीची घंटा झाल्यासारखी बाहेर आली धावत. कान दोन्ही हातांनी धरलेले. मला हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला. चिरंजीव पण हसले. "बघितलंस आई, गुडघे लगेच सुटले!"

संध्याकाळी विचारत होती, "आई, तुमच्या कानात कधी शिटीसारखं वाजत राहतं का हो?" म्हटलं, माझ्या वयाला ये, सगळी वाद्यं वाजतात.

लिही. हेही लिही.

९ जानेवारी

नातीचा फोन. शिकायला लांब गेलीय, तिकडे खोली घेऊन राहते.

"आजी, आई कुठाय?"

"पाईपात."

"अजून?"

"उजेड आहे तोवर."

 मग म्हणते, "तू काही बोलत नाहीस बाबांना?" बोलते की! नेम नीट धर म्हणून रोज सांगते.

११ जानेवारी, रविवार

दातवाले डॉक्टर आले होते. दर रविवारी येतात. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघून डोळे आखडतात, म्हणून रविवारी लांबचं बघतात. त्यांची बंदूक बघावी! मखमलीच्या पेटीत झोपवून आणतात, उठवताना दोन्ही हातांनी उठवतात. स्वतःच्या बायकोला कधी गाडीतून असं उतरवलं नसेल.

जिल्ह्याच्या संघात एक जागा उरलीय आणि इच्छुक दोघे, हे आणि आमचे. दोघांनी आपसात ठरवलंय, एक फेब्रुवारीला इथेच शंभर मीटरवर सामना करायचा. हरेल त्याने नाव द्यायचं नाही. आजची रंगीत तालीम होती. आमचे हरले. डॉक्टरांचे छर्रे एकाच भोकातून गेल्यासारखे, आणि आमच्यांचे जत्रेत हरवलेल्या पोरांसारखे चहूकडे.

निघताना डॉक्टर म्हणाले, "हात चांगला आहे हो तुमचा. पण कागदावर मारताना तुम्हाला काही वाटतच नाही. चुकलं की काहीतरी गमवायला पाहिजे, मग बघा!"

ते गमतीने बोलले. आमच्या चिरंजीवांना गंमत कळत नाही. सूचना कळते.

१२ जानेवारी

नवा नियम निघाला. छर्रा मधल्या वर्तुळाबाहेर गेला की घरातली एक वस्तू ढिगाऱ्यावर. पुढचा नेम तिच्यावर.

"वस्तू कोणाच्या?" हे मीच विचारलं.

"तुझ्या वस्तूला हात लावणार नाही, आई."

मग राहिलं कोण! सून उभीच होती, चहाचा ट्रे घेऊन. म्हटलं, "हिचा तो निळ्या फुलांचा कप ने आधी. त्यातून पिताना ही करंगळी वर करते. राणीसाहेब!"

तिनेच धुतला, तिनेच पुसला, तिनेच नेऊन फळीवर ठेवला आणि पाईपात जाऊन बसली. दोन छर्रे वाया गेले, तिसऱ्याला फुटला. नंतर तुकडेही तिनेच वेचले. मी म्हटलं, "सगळे वेच गं, कोणाच्या पायात जायला नकोत."

आज करंगळी खालीच होती.

१५ जानेवारी

काल तिच्या चपला. त्यात काही मजा आली नाही, चपलेला भोक पडलं तरी चप्पलच राहते.

आज रेडिओ. स्वयंपाकघरात ती तो बारीक आवाजात लावते, तोच. लग्नात तिच्या भावाने दिलेला. आवाज मोठा करून, चालू ठेवूनच नेऊन ठेवला. का, कोण जाणे! शंभर मीटरवरून बातम्यांची कुजबुज ऐकू येत होती. एक छर्रा बसला, बातम्या चालू. दुसरा बसला, बाई बोलता बोलता अर्ध्या वाक्यावर थांबली.

चिरंजीव सुधारतायत हं! डॉक्टरांचं औषध लागू पडतंय.

"संध्याकाळी स्वयंपाकघर फार शांत वाटतं," असं ही आत्ता म्हणाली. तू गा की मग!

१७ जानेवारी

आज माझी एक गंमत लिहून ठेव. तुला माहीत आहे, पण वहीला नाही.

माझा नवरा मेळ्यांतून फुगे फोडायची गाडी लावायचा. लाकडी फळी, त्यावर रंगीत फुगे, समोर तीन हवेच्या बंदुका. गिऱ्हाईक कितीही तालेवार असो, फुगा फुटता कामा नये. फुटला की बक्षीस द्यावं लागतं! तर बंदुकीच्या टोकावर नेम धरायला एक बारीक दाणा असतो, त्याला माशी म्हणतात. ती माशी मी रोज सकाळी पकडीने इवलीशी वाकवायची. वाकवलेली कोणाच्या डोळ्यांना दिसायची नाही. लोक श्वास रोखायचे, एक डोळा मिटायचे, जीभ बाहेर काढायचे, आणि छर्रा दोन फुग्यांच्या मधून जायचा. बरोबर मैत्रीण घेऊन आलेल्यांची तर काय दैना व्हायची! एक पैलवान रडला होता.

चिरंजीव तेव्हा एवढासा. फुगे फुगवायचं काम त्याचं. फुगवताना फुगा फुटला की बापाची थप्पड बसायची. ठो झालं की थप्पड. म्हणून तो ठो व्हायच्या आधीच डोळे मिटून गाल पुढे करायला शिकला.

आणि आज त्याच्याकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं. घोडा ओढताना तो अजून डोळे मिटतो! वारा नाही नि काही नाही.

उद्या रविवार. डॉक्टर येतील. सांगते त्यांना.

१८ जानेवारी, रविवार

सांगितलं. डॉक्टर हसून हसून वाकले. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आंधळेपणाने मारताय?" प्रत्येक छर्र्याच्या वेळी ह्याच्या तोंडाकडेच बघत बसले, आणि मिटले की ओरडायचे, "मिटले! मिटले!" मी टाळ्या वाजवत होते.

चिरंजीवांचे कान लाल झाले.  बंदूक पुसून पेटीत ठेवली, एरवी हे काम सूनबाईचं.

ती आत्ता म्हणतेय, "आई, हे बरं नाही केलंत." तुझा नवरा असला तरी माझा मुलगा आहे. मी काहीही बोलेन.

२० जानेवारी

आजचं बोलणं हिला किती कळतंय कोण जाणे. दोनदा विचारते प्रत्येक शब्द. माझ्या तोंडात कवळी नाही.

जेवून लवंडले की मी कवळी ग्लासातल्या पाण्यात ठेवते. आज झोपेतून उठले ती पंपाच्या आवाजाने. ग्लास जागेवर नाही. मागच्या दारात येऊन बघते तर ढिगाऱ्यावर फळी, फळीवर ग्लास, आणि ग्लासात मी हसतेय! वरचे, खालचे, सगळे दात दाखवून, शंभर मीटरवरून.

"अरे, अरे!" म्हणेपर्यंत घोडा ओढलाही. एकच छर्रा. ग्लास उडाला.

उठून उभा राहिला, कपडे झटकले आणि मला म्हणतो, "डोळे मिटले का गं आई? बघितलंस ना नीट?"

नव्हते मिटले.

"हस की आता," म्हणाला.

माझ्या वस्तूला हात लावणार नव्हता हा! त्याने पहिल्यांदा एका छर्र्यात काही टिपलं असेल, तर ते माझं तोंड.

सून ढिगाऱ्यावर वाकून किती वेळ शोधत होती. पदरात काय, तर पुढचे चार दात आणि गुलाबी तुकडा. माझ्या हातात आणून दिले. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कप फुटला तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते आठवायचा प्रयत्न करतेय. व्यायाम म्हणून.

२२ जानेवारी

दातवाल्या डॉक्टरांकडे माप दिलं. तोंडात तो गार लगदा कोंबून म्हणतात, "नेम काय सुधारला हो चिरंजीवांचा! आता मला घाबरायला हवं." तोंड भरलेलं असताना माणसाशी बोलणारी सगळी माणसं अशीच असतात का? नवी कवळी यायला दोन आठवडे.

दुधात बुडवलेला पाव. कुस्करलेलं केळं. सून चमच्याने भरवते. आज म्हणाली, "आता तुमचं लिहायला सोपं जातं आई. जरा हळू बोलता."

अस्सं! उंदरीण बोलायला लागली! आम्ही दोघी हसलो. माझ्या तोंडातून केळं उडालं तिच्या अंगावर, तरी हसत होती. लग्न होऊन आल्यापासून माझ्यासमोर ही अशी हसली नव्हती. किंवा मी बघितलं नसेल.

२७ जानेवारी

बंदुकीवर दुर्बीण आहे. दुर्बिणीवर एक चकती. ती फिरवली की कट-कट वाजतं आणि नेम वर-खाली होतो. चकतीवर आकडे आहेत. चिरंजीव एका आकड्यावर ठेवतात आणि मारायच्या आधी एकदा आकडा बघतात. बास.

मला आकडे येत नाहीत. पण घड्याळाचा काटा पूर्ण फिरून आला की होता तिथेच दिसतो, हे कळायला शाळा लागत नाही. चकती एक पूर्ण चक्कर फिरवली की आकडा तोच! नेम मात्र गेला. पन्नास मीटरवर वीतभर, शंभरवर हातभर. नवरा असता तर ह्या चकतीला फुलं वाहिली असती त्याने. पकड नको, वाकवणं नको.

सूनबाईला सांगितलं. बंदूक रोज तीच पुसते. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पुसता पुसता एक चक्कर. डॉक्टरांसमोर हातभर लांब छर्रे जाऊ देत एकदा! संघात जागा नाही मिळाली की हा बंदूक विकेल, तू पाईपातून बाहेर येशील, माझे दात माझ्या तोंडात राहतील.

ती म्हणाली, "हे नको लिहायला."

लिही म्हटलं. खरं तेच लिहायचं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.

"त्यांनी वाचलं तर?"

तो? त्याने औषधाच्या बाटलीवरचं कधी वाचलं नाही! लिही.

३१ जानेवारी

झालं. पदराआड हात पुसत आली आणि नुसती मान हलवली. चक्कर वरच्या बाजूला दिली की खालच्या, मी विचारलं नाही. कुठे का जाईना, वर्तुळात नाही म्हणजे झालं.

दोघी तोंडावर हात धरून हसलो. शाळेत गेले असते तर अशीच एखादी मैत्रीण मिळाली असती मला.

१ फेब्रुवारी, रविवार

सावकाश सांगते. सावकाश लिही.

डॉक्टर वेळेवर आले. हवा पडलेली, वारा कळावा म्हणून काठ्यांना चिंध्या बांधल्यात, त्यातली एक चिंधी हलत नव्हती. मी खुर्चीत. सून पाईपात जायला निघाली, तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "थांब. आधी पन्नासवर एक, हात मोकळा करायला. डॉक्टरांना दाखवायचंय, मी डोळे मिटतो का."

आणि मग म्हणाले, "कागदाची थाळी काठीला लाव, आणि डोक्यावर धरून उभी राहा."

मला वाटलं गंमत करतोय. त्याला गंमत कळत नाही, हे मीच लिहून घेतलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "अहो, काय हे भलतंच!" आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

ती गेली. पन्नास मीटरवर जाऊन तोंड आमच्याकडे करून उभी राहिली. काठी डोक्याच्या वर, थाळी टाळूपासून वीतभर उंच.

वीतभर!

चक्कर खालच्या बाजूला दिली असेल तर छर्रा कुठे जाणार, हे मला कळत होतं. त्या आवारात ते कळणारी मी एकटीच बसले होते. हा पालथा पडला. चकतीवरचा आकडा बघितला. आकडा तोच. त्याने मान डोलावली.

माझ्या तोंडात दात नव्हते. जीभ होती. थांब, एवढं बिनदातानेही म्हणता येतं. पण थांब म्हटलं की तो विचारणार, का? आणि का ते सांगितलं की तो माझ्याकडे बघणार, ग्लासाकडे बघितलं होतं तसं. मी खुर्चीचे हात धरून बसले.

त्याने घोडा ओढला.

थाळी तशीच. ती तशीच. मागच्या ढिगाऱ्यावर, थाळीच्याही वर, माती उडाली.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले. "वारा नाही, डोळे उघडे. हे काय?"

त्याने दुसरा छर्रा भरला. मी तेव्हाही बोलले नाही. वर गेला म्हणजे आता भीती नाही, असं मनाशी म्हटलं. पण खरं तेच सांगायचं असेल तर असं काही म्हटलं नव्हतं. नुसती बसले होते.

डॉक्टरांनीच त्याला थांबवलं. बंदूक घेतली, चकतीखालच्या बारीक रेघा बघितल्या आणि शिटी वाजवली. "अहो, एक अख्खी चक्कर फिरलीय ही! आपोआप फिरत नाही हं."

चिरंजीवांनी माझ्याकडे बघितलं. विचारलं काहीच नाही. मीच बोलले. तेव्हा मात्र जीभ चालली.

"रोज तीच पुसते," मी म्हटलं. "फिरली असेल तिच्या हातून."

सामना झाला. चकती सरळ केली तरी ह्याचा हात काही सरळ राहिला नाही. डॉक्टर जिंकले, हात मिळवला, चहा पिऊन गेले. गाडी गेटबाहेर पडल्यावर हा बायकोला म्हणाला, "पाईपात जा." गेली. मग तो पालथा पडला आणि पाईपवर मारत राहिला. पाईप मोठा, सगळे लागले. किती ते मी मोजले नाहीत. मी घरात आले, दार लावून घेतलं. दाराने काही अडत नाही, ठण्ण ठण्ण ऐकू येतच राहिलं. उजेड गेल्यावर थांबला.

आत्ता ती मान वाकडी करून बसलीय, डावा कान माझ्याकडे करून. उजव्याने ऐकू येत नाही म्हणते.

एवढं लिहून झाल्यावर तिने पेन खाली ठेवलं.

"मी वरच फिरवली होती, आई. छर्रा डोक्यावरून जाणार हे मला माहीत होतं, म्हणून उभी राहिले."

मी म्हटलं, बरं केलंस.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

मी वहीतल्या मुंग्यांकडे बघत राहिले.

"हे लिहू का?"

लिही.

५ फेब्रुवारी

नवी कवळी आली. थोडी टोचते, पण बसलीय.

सूनबाईने आरसा धरला. म्हणाली, "छान. आता तुमचं बोलणं लांबूनही कळेल."

बाकी आज काही घडलं नाही.

९ फेब्रुवारी

आज लिहायला माझा मुलगा बसला आहे.

सूनबाई परवा नातीकडे राहायला गेली. परत येणार नाही, असं नातीने फोनवर सांगितलं. जाताना ती ही वही बंदुकीच्या पेटीत ठेवून गेली होती, बंदुकीच्या वर. मुलाने ती पहिल्या पानापासून वाचली. त्याला एक दुपार लागली. वाचून झाल्यावर त्याने स्वतः मला चहा करून दिला.

माझा मुलगा फार चांगला नेमबाज आहे. घोडा ओढताना तो डोळे मिटत नाही.

उद्यापासून कागद मी बदलणार आहे. माझे गुडघे दुखतात, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, सावकाश चाल आई, घाई नाही.

अजून काही लिहायचं आहे का, असं तो विचारतो आहे.

नाही.